मणक्याला मार लागल्यावर पुन्हा चालता येईल का? मेंदूतली चिप, मणक्यातला करंट आणि घरच्यांचे नेहमीचे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे. अंबाजोगाई, केज, धारूर, रेणापूर या पट्ट्यात घरोघरी जाऊन कमरेखाली किंवा मानेखाली लुळ्या पडलेल्या माणसांचे व्यायाम घेते. कुणी विहिरीचा गाळ काढताना पडलेला असतो, कुणी शेळ्यांना पाला तोडताना लिंबावरून, कुणी उसानं भरलेल्या ट्रॉलीवरून. मोटारसायकलवरून पडलेली तरणी पोरं तर आहेतच. हल्ली जाईन त्या घरात मोबाइलवरचा एकच व्हिडिओ माझ्यापुढं धरला जातो: व्हीलचेअरवरून उठून कुबड्या घेऊन चालणारा एक परदेशी माणूस. मग प्रश्न सुरू होतात. दोन घरांच्या मध्ये, गाडीवर बसल्या बसल्या घाईत दिलेली उत्तरं पुरत नाहीत. म्हणून इथं निवांत लिहिते आहे.

मॅडम, तो व्हिडिओ खरा आहे का?

खरा आहे. त्या माणसाचं नाव गर्ट-यान ओस्कम. नेदरलँड्सचा. २०११ साली चीनमध्ये सायकलच्या अपघातात त्याच्या मानेत मज्जारज्जूला, म्हणजे मणक्यातून खाली जाणाऱ्या नसांच्या जाड दोराला, इजा झाली. स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात ग्रेग्वार कुर्तीन हे शास्त्रज्ञ आणि जोसेलिन ब्लोक या मेंदूच्या सर्जन यांच्या गटानं त्याच्यावर काम केलं आणि मे २०२३ मध्ये ते ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकात छापून आलं. घरात आणि घराबाहेर तो कुबड्यांच्या आधारानं चालला, पायऱ्या चढला, खडबडीत जमिनीवरूनही गेला.

व्हिडिओत न दिसणाऱ्या दोन गोष्टी मात्र मी प्रत्येकाला सांगते. पहिली, त्याची इजा अर्धवट होती. मेंदूकडून खाली येणारे नसांचे थोडे धागे शिल्लक होते. दुसरी, मेंदूचं यंत्र बसवण्याआधी त्याच गटाच्या आधीच्या प्रयोगात त्यानं मणक्यातला करंट (मज्जारज्जूवर बसवलेल्या पट्टीतून सुटणारा) घेऊन वॉकरवर चालायचा सराव बरीच वर्षं केला होता. व्हिडिओ दोन मिनिटांचा असला, तरी त्यामागची मेहनत एका तपाची आहे.

मेंदूतला हुकूम पायापर्यंत जातो कसा? मधला रस्ता तर तुटलाय.

आपल्याकडं शेतीची लाइट रात्री-अपरात्री येते. पूर्वी विहिरीवर जाऊन मोटार चालू करावी लागायची. आता मोबाइल स्टार्टर आला. घरी अंथरुणातून फोन लावला की दोन किलोमीटरवरची मोटार सुरू होते. घरापासून विहिरीपर्यंत वायर नाही, तरी हुकूम पोचतो.

इथंही तसंच आहे. पायाचे स्नायू म्हणजे पाइपलाइन, आणि कमरेच्या वरच्या अंगाला मज्जारज्जूचा जो शेवटचा भाग असतो, तिथं चालण्याची मोटार आणि स्टार्टर. मार मानेत किंवा पाठीत लागला, तर ही खालची मोटार बहुतेक वेळा शाबूत असते. तिला हुकूम देणारा कुणी उरत नाही, एवढंच.

ओस्कमच्या डोक्यात दोन्ही बाजूंना कवटीच्या हाडाचा गोल तुकडा काढून तिथं एकेक चकती बसवली. प्रत्येक चकती पाच सेंटीमीटर रुंद, तिच्यावर ६४ इलेक्ट्रोड, म्हणजे वीज टिपणारे किंवा सोडणारे बारीक ठिपके. फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथं त्या तयार झाल्या. या चकत्या मेंदूच्या आत घुसत नाहीत, त्याच्या आवरणावर बसून ऐकतात. ‘उजवा पाय उचलायचा’ असं त्यानं मनात आणलं की मेंदूच्या त्या भागातली विजेची हालचाल बदलते. चकती ती टिपते आणि बिनतारी सोबतच्या संगणकाकडं पाठवते. संगणक ताडतो की याला मांडी उचलायची आहे की गुडघा ताठ करायचा आहे. मग पोटात बसवलेल्या, पेसमेकरसारख्या डबीला निरोप जातो आणि ती डबी मज्जारज्जूच्या आवरणावर ठेवलेल्या १६ इलेक्ट्रोडच्या पट्टीतून नेमक्या जागी करंट सोडते.

नेमकी जागा फार महत्त्वाची. ड्रिपला जसे प्लॉटवार व्हॉल्व्ह असतात, तशी पायाच्या नसांची मुळं मज्जारज्जूत वरपासून खाली ओळीनं शिरतात. वरच्या मुळांजवळ करंट दिला तर मांडी उचलली जाते, मधल्यांजवळ दिला तर गुडघा ताठ होतो, खालच्यांजवळ दिला तर घोटा काम करतो. हा करंट स्नायूला थेट झटका देत नाही. पायाकडून संवेदना आणणाऱ्या धाग्यांवाटे तो मज्जारज्जूत शिरतो आणि तिथल्या झोपलेल्या पेशींना जागं करतो. म्हणूनच चाल बरीचशी आपल्या चालीसारखी दिसते.

आमच्या डॉक्टरांनी ‘रज्जू तुटला’ म्हणून सांगितलं. मग हे सगळं आमच्या काय कामाचं?

‘तुटला’ हा शब्द आपल्याकडं सर्रास वापरतात. बहुतेक वेळा रज्जू कोयत्यानं छाटल्यासारखा दोन तुकडे झालेला नसतो, चेमटलेला असतो. चरकातून निघालेल्या उसासारखा म्हणा. त्यातले काही धागे जिवंत राहू शकतात, पण ते इतके थोडे असतात की त्यांच्या बळावर पाय हलत नाही.

किती शिल्लक आहे हे एकट्या एमआरआयवरून कळत नाही. त्यासाठी अंगावर ठिकठिकाणी टाचणी आणि कापूस लावून, स्नायूंची ताकद बघून तपासणी करतात. तिला ‘एशिया’ ग्रेड म्हणतात (अमेरिकन स्पायनल इंज्युरी असोसिएशन या संस्थेच्या नावावरून), ए ते ई. ए म्हणजे पूर्ण इजा, ई म्हणजे तपासणीत सगळं ठीक. त्यात गुदद्वाराजवळची संवेदना बघावीच लागते. लोक संकोचतात, पण ए आणि बी यांतला फरक तिथंच कळतो. मी जाते त्या घरांत एमआरआयच्या फिल्म गादीखाली जपून ठेवलेल्या असतात आणि ही ग्रेड मात्र कुठल्याच कागदावर नसते. पुढच्या वेळी डॉक्टरांकडं जाल तेव्हा ती तारखेसह लिहून मागा. जगातल्या कुठल्याही प्रयोगात पहिला प्रश्न तोच असतो.

डोक्याचं ऑपरेशन केल्याशिवाय होतच नाही का?

होतं. किंबहुना चालण्याचं बहुतेक काम नुसत्या मणक्यातल्या करंटवर झालंय. २०११ साली अमेरिकेत लुइव्हिल विद्यापीठात सुसान हार्केमा यांच्या गटानं एका तरुणाला मणक्यातला करंट देऊन उभं केलं आणि करंट चालू असताना तो स्वतःच्या इच्छेनं पाय हलवू लागला. २०१८ मध्ये लुइव्हिल, मेयो क्लिनिक आणि लोझान अशा तीन ठिकाणांहून, काही आठवड्यांच्या अंतरानं, लुळी माणसं आधार घेऊन पावलं टाकू लागल्याच्या बातम्या आल्या. २०२२ मध्ये लोझानच्याच गटानं पूर्ण इजा असलेल्या तिघांना, यंत्र चालू केल्याच्या पहिल्याच दिवशी, वजन पेलणाऱ्या दोरांच्या आधारानं पावलं टाकायला लावली.

फरक एवढाच की तिथं हुकूम मेंदूचा नसतो. कधी पायाला लावलेल्या सेन्सरवरून, कधी वॉकरवरच्या बटणानं ठरलेला करंट ठरलेल्या क्रमानं सुटतो. आपल्या भाषेत तो ‘ऑटो’ स्विच: लाइट आली की मोटार चालू, तुम्ही झोपलेले असा की जागे. ओस्कमनं हेच सांगितलं, आधी करंट मला चालवायचा, आता मी करंटला चालवतो.

एका दिवसात पावलं टाकली, म्हणजे आमचा पोरगा महिनाभरात चालंल?

नाही. पहिल्या दिवशी पावलं पडतात ती यंत्राची. ती आपली होण्यासाठी महिनोन् महिने रोजचा व्यायाम लागतो. या कामाचा मला सगळ्यात मोठा वाटणारा निष्कर्षही तोच आहे. ओस्कमनं मेंदूच्या यंत्रासह सुमारे ४० सत्रं सराव केला आणि त्यानंतर यंत्र बंद असतानाही तो कुबड्यांवर थोडं चालू लागला. म्हणजे उरलेल्या धाग्यांनी नवे जोड धरले. त्यानं सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडते. घरी काहीतरी रंगवायचं होतं, मदतीला कुणी नव्हतं, तर त्यानं उभं राहून स्वतःच ब्रश हातात घेतला.

त्याला धोका झालाच नाही असंही नाही. काही महिन्यांनी डोक्यातल्या एका चकतीला जंतुसंसर्ग झाला आणि ती काढावी लागली.

रात्री ह्यांचा पाय आपोआप हलायलाय. सुधारणाच ना ही?

या प्रश्नाचं उत्तर देताना माझाच जीव खालीवर होतो. एका माउलीनं मला पहाटे पाच वाजता फोन केला होता, “पोरानं पाय उचलला, लवकर या.” मी गेले. चादर ओढली की त्याचा गुडघा खटकन पोटाकडं यायचा. मी त्याला म्हटलं, “आता डोळे मीट, आणि मी सांगंन तेव्हाच उचल.” पाय हलला नाही. मग न सांगता तळव्याला बोट लावलं, तर पुन्हा खटकन वर.

हे झटके म्हणजे मेंदूच्या हुकुमाविना खालच्या मज्जारज्जूनं दिलेलं उत्तर. त्याला सुधारणा म्हणता येत नाही, पण ते वाईट लक्षणही नाही. खालची मोटार जिवंत असल्याची ती खूण आहे. झटके अचानक वाढले तर मात्र शोध घ्या. लघवीत जंतू, साचलेला मळ, कुठंतरी पडलेली जखम यांतलं काहीतरी निघतं.

फिजिओथेरपीच्या दवाखान्यातली करंटची मशीन तीच का?

नाही. ती दुखणं कमी करायला किंवा स्नायूला आकुंचन द्यायला असते. तिचा उपयोग आहे, मीही वापरते, पण ती लावून कुणी चालायला लागत नाही. तसं कुणी सांगून वीस-तीस सत्रांचे पैसे आगाऊ मागत असेल तर देऊ नका.

कातडीवरून मज्जारज्जूपर्यंत करंट पोचवणारं वेगळं यंत्र मात्र आहे. मानेत इजा झालेल्या ६० जणांवर त्याची चाचणी झाली. हाताची ताकद आणि हाताचं काम दोन्ही सुधारलेले त्यांत ७२ टक्के होते. चाचणीचा निकाल २०२४ मध्ये छापून आला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्या यंत्राला परवानगी दिली. परवानगी हातांसाठी आहे, चालण्यासाठी नाही. तरी ऑपरेशनशिवायचा हा रस्ता आपल्यासारख्यांच्या दारापर्यंत आधी येईल असं मला वाटतं.

आणि ती इलॉन मस्कची चिप?

जानेवारी २०२४ मध्ये पहिल्यांदा माणसाच्या मेंदूत बसवली. तिनं हात न लावता संगणक चालवता येतो. चालण्यासाठी ती वापरलेली नाही.

आपल्याकडं कुठं मिळंल? दोन एकर विकायची तयारी आहे.

नका विकू. हात जोडून सांगते.

मेंदू आणि मज्जारज्जू जोडणारं यंत्र अजून प्रयोगातच आहे. जगात कुठंही ते विकत मिळत नाही. मणक्यातली करंटची पट्टी भारतातल्या मोठ्या शहरांत बसवतात, पण ती जुनाट दुखण्यासाठी. थायलंडसारख्या ठिकाणी काही खासगी दवाखाने लुळ्या माणसांना हीच शस्त्रक्रिया प्रचंड पैसे घेऊन करतात. त्यांच्या जाहिरातीत उभा राहिलेला माणूस दिसतो, त्यानंतरची वर्षं दिसत नाहीत.

माझ्या ओळखीतल्या एका घरानं स्टेम सेलच्या (मूळ पेशींच्या) इंजेक्शनसाठी रस्त्याकडेचं एक एकर काढलं. मोठ्या शहरातला खासगी दवाखाना होता. चार इंजेक्शनं झाली, पाय होता तिथंच राहिला, आणि परत येताना गाडीत तासन् तास एकाच अंगावर बसून माकडहाडाला जखम झाली ती वेगळीच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मज्जारज्जूच्या इजेवर स्टेम सेल हा मान्य उपचार नाही, तो फक्त नोंदणी झालेल्या चाचणीतच करता येतो. हे त्या घराला आधी कुणी सांगितलं असतं तर ते एकर आज त्यांच्याकडं असतं.

खरी चाचणी ओळखायची खूण साधी आहे. देशातल्या औषध-उपचारांच्या चाचण्यांची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ या सरकारी संकेतस्थळावर असते. नोंदणी क्रमांक मागा आणि गावातल्या एखाद्या शिकलेल्या पोराला तो तिथं तपासायला लावा. प्रयोगाच्या उपचाराचे पैसे सहभागी होणाऱ्याकडून घेत नाहीत. जिथं तुमच्याकडूनच लाखो रुपये मागतात, त्याला प्रयोग म्हणू नका.

आठ वर्षं झाली. आता उशीर झाला ना?

वर्षांमुळं दार बंद होत नाही. ओस्कमलाही मेंदूचं यंत्र बसलं तेव्हा इजेला दहा वर्षं झाली होती. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या एका वेगळ्या कामात, अर्धवट इजा असलेल्या दोघांच्या मेंदूत खोलवर करंट देऊन त्यांची चाल सुधारली, तीही जुनीच इजा होती.

दार बंद होतं ते आखडलेल्या गुडघ्यांनी, ठिसूळ झालेल्या हाडांनी, न भरणाऱ्या जखमांनी आणि खराब झालेल्या किडनीनं. धारूर तालुक्यातले एक काका माझ्याकडं सहा वर्षांपासून आहेत. गावच्या वेल्डरनं त्यांना गोठ्याच्या भिंतीला धरून लोखंडी पाइपची उभं राहायची चौकट करून दिली. गुडघ्यापुढं जुन्या गादीचा तुकडा, कमरेमागं बैलाच्या सापत्यांचा रुंद पट्टा. रोज सकाळी धारा काढून होईस्तोवर अर्धा तास ते त्यात उभे राहतात, म्हशीशी बोलतात. त्यांचे घोटे आजही काटकोनात वळतात. बरीच वर्षं झोपून असलेल्याला मात्र असं एकदम उभं करू नका. बीपी उतरून चक्कर येते आणि ठिसूळ हाड नुसत्या पिळवटीनं मोडतं. आधी डॉक्टरांना दाखवा, मग पाठ थोडी थोडी उचलत चला.

मग यंत्र येईपर्यंत आम्ही करायचं काय?

कातडी बघायची. रोज संध्याकाळी, उजेडात. माकडहाड, खुबे, टाचा. माणसाला स्वतःला दिसत नाही, म्हणून मोबाइलवर फोटो काढून त्यालाही दाखवा. लाल डाग दाबून पांढरा होत नसेल तर त्या जागेवर वजन देणं त्याच क्षणी बंद. अंथरुणात दर दोन तासांनी कूस बदला. एअरबेड असला तरी बदला.

शेक देऊ नका. आपल्याकडं पायात जीव यावा म्हणून तापलेली वीट फडक्यात गुंडाळून तळव्याला लावतात. मी एका घरात पोचले तेव्हा फडकं सोडलेलं होतं आणि दोन्ही टाचांवर लिंबाएवढे फोड होते. त्या माणसाला काही कळलंच नव्हतं, तो माझ्याशी हसून बोलत होता. टाचा भरायला पाच महिने लागले. उन्हात तापलेलं व्हीलचेअरचं लोखंड, शेकोटी, गरम पाण्याची पिशवी, सगळ्यांचा धोका तोच.

लघवी तुंबू देऊ नका. कायमची नळी सोयीची वाटते, पण ज्यांना शक्य आहे त्यांनी दर चार ते सहा तासांनी स्वच्छ नळीनं लघवी काढायला शिकावं, किडनी जास्त टिकते. डॉक्टरांना विचारा, नर्सकडून शिकून घ्या. बायकांना हे कुणी शिकवतच नाही आणि त्या पाणी पिणंच कमी करतात. असं नका करू, ताई.

आणि हे पाठ करा: छातीच्या मध्यावर किंवा त्याच्या वर इजा असलेल्या माणसाचं डोकं अचानक फुटायला लागलं, तोंड लाल झालं, घाम फुटला, तर तो बीपी एकदम चढल्याचा धोका आहे. लगेच उठवून बसवा, पाय खाली सोडा, नळी मुडपलीय का बघा, अंगावरचं घट्ट सैल करा, आणि उतार पडला नाही तर १०८ ला फोन लावा.

चालता आलं की सगळं मिळालं, नाही का?

घरच्यांना तसं वाटतं. ज्याला इजा झाली त्याला एकट्यात विचारलं तर उत्तर वेगळं येतं. अमेरिकेत किम अँडरसन यांनी २००४ मध्ये अशा ६८१ जणांची उत्तरं मांडली. मानेत इजा असलेल्यांनी सगळ्यात आधी हात मागितले. कमरेखाली लुळे असलेल्यांनी लैंगिक आयुष्य मागितलं. लघवी-संडासवरचा ताबाही वरच्या मागण्यांत होता. माझ्या पेशंटपैकी एकानं बायको बाहेर गेल्यावर मला हळूच विचारलं होतं, “ते मशीन शीचं काही करतं का?” तेव्हापासून मी पहिल्या भेटीतच हा विषय स्वतः काढते. मणक्यातल्या करंटनं उठून बसल्यावर पडणारं बीपी सावरतं, हे प्रयोगांत दिसलंय. लघवीवरही काम चालू आहे.

कागद कुठले जमवून ठेवू?

एक प्लास्टिकची फाइल करा. पडल्याची तारीख, पहिल्या दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनमध्ये कुठल्या मणक्यांत स्क्रू टाकले त्याची नोंद, एमआरआयचा रिपोर्ट, तारखेसह एशिया ग्रेड, दरवर्षीची किडनीची सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन ही किडनीसाठीची रक्ततपासणी. जिल्हा रुग्णालयातून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढून त्याच्या प्रती त्यातच ठेवा. व्हीलचेअर, सरकारी मदतीचा पगार, प्रवासाची सवलत, सगळीकडं तेच मागतात. फिल्म गादीखालून काढून भिंतीला उभ्या ठेवा, उन्हाळ्यात त्या एकमेकींना चिकटतात. आणि फाइल कुठं आहे हे ज्याची आहे त्याला माहीत असू द्या, त्याच्या हाताला येईल अशा उंचीवर.